बाईंना विचारा : दप्तर खाली ठेवल्यावर

(चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या बाई वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

या वेळच्या पत्रांपैकी निम्मी एकाच तासाबद्दल आहेत. शाळा सुटून मूल घरी येतं, तो तास. त्यातली चार निवडली आहेत. पहिल्या पत्राला उत्तर लांबलचक झालंय, पण बाकीच्या तिघांनीही ते वाचावं अशी माझी इच्छा आहे.

प्रश्न : बाई, माझा मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. शाळेतून एक तक्रार नाही. उलट वर्गशिक्षिका म्हणतात, 'इतका शहाणा मुलगा!' हाच शहाणा मुलगा घरात पाऊल टाकतो आणि वारं प्यायल्यासारखा वागतो. दप्तर भिरकावतो, पाच वर्षांच्या बहिणीला ढकलतो, मोजा निघत नाही म्हणून भोकाड पसरतो. गेल्या महिन्यात मी वेळापत्रक केलं. सात रंगीत चौकोन, प्रत्येकात वेळ लिहून भिंतीवर लावलं. चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी त्याने ते फाडलं. आता त्याची यायची वेळ झाली की माझ्याच पोटात गोळा येतो. माझं कुठे चुकतंय? — दोन मुलांची आई

उत्तर : तुमच्या पत्रातला मोजा माझ्या डोक्यातून जात नाही. आठ वर्षांच्या मुलाला मोजा काढता येतो. सुट्टीच्या दिवशी तो धावता धावता काढत असेल. शाळेतून आल्यावरच येत नाही, कारण दिवसभर पुरवून पुरवून वापरलेला धीर घराच्या दारापर्यंतच पुरतो.

त्याचा दिवस जरा त्याच्या बाकावर बसून बघा. तहान लागली तर विचारून प्यायचं. उत्तर येत असलं तरी हात वर करून थांबायचं, आणि बाईंनी दुसऱ्यालाच विचारलं तर ते गिळून टाकायचं. शेजारच्याने कोपर मारलं तरी ओरडायचं नाही. मनात आलेलं दाबून धरण्याचं काम मेंदूचा पुढचा भाग करतो, आणि तो पुरता तयार व्हायला माणसाची पंचविशी उजाडते. तुमचा मुलगा ते काम रोज सहा-सात तास करून येतो. शाळेतल्या शहाणपणाची वसुली घरी होते म्हणा ना. आणि घरीच होते, कारण इथे कितीही रडलं तरी रात्री कुणीतरी पांघरूण घालणारच आहे, हे त्याला ठाऊक असतं.

म्हणून आधी शरीर, मग वळण. उद्या तो आला की काही न बोलता त्याची पाण्याची बाटली उचलून बघा. सकाळी भरून दिली तेवढीच जड लागली, तर निम्मं उत्तर तुमच्या हातात आहे. पुष्कळ मुलं शाळेत लघवीला जायचं टाळतात. वास येतो, कडी लागत नाही, मोठी मुलं दाराशी टपून असतात. मग जायलाच लागू नये म्हणून ती पाणी पीत नाहीत. वर्गात मी हे इतक्या वेळा पाहिलंय, की शेवटच्या तासाला पाय हलवत बसलेलं मूल मला लांबून ओळखू यायचं. बाटलीबरोबर डबाही उघडून बघा. मोठ्या माणसाचा मेंदू शरीराच्या ऊर्जेतला साधारण पाचवा हिस्सा खातो. तिसरीतल्या मुलाच्या मेंदूचा वाटा याहून बराच मोठा असतो. अर्धा डबा परत आलेला, घसा कोरडा, लघवी धरलेली, अशा मुलाला त्या क्षणी शिस्त लावायला जाणं म्हणजे तापाने फणफणलेल्याला व्याकरण शिकवणं. आल्या आल्या लघवी, पाणी, खाणं. खाणं तो यायच्या आधी तयार ठेवा. 'काय खाशील?' हाही प्रश्नच असतो, आणि त्याच्याजवळची उत्तरं त्या वेळी संपलेली असतात.

प्रश्नांवरून माझी स्वतःची एक गोष्ट सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

माझी मुलगी सात वर्षांची होती. मी तिच्या आधी तासभर घरी यायचे. शिक्षिकेचीच मुलगी, त्यामुळे ती दारात आली की एका बुटाची नाडी सुटायच्या आत माझं सुरू : वही दाखव, किती मार्क पडले, हे का खोडलंस, बाई काय म्हणाल्या. काही दिवसांनी ती उशिरा यायला लागली. पंधरा मिनिटं, कधी वीस. मला वाटायचं, शाळेची गाडीच उशिरा येते. एकदा कचरा टाकायला दार उघडलं, तर ही आमच्याच जिन्यात खालच्या पायरीवर बसलेली. दप्तर मांडीवर, आणि समोर बसलेल्या मांजराला दिवसभराची हकीकत सांगणं चाललेलं. मैत्रिणीने पट्टी परत दिली नाही, चित्रात आकाश जांभळं झालं, असं सगळं. मला बघितलं आणि गप्प झाली. वर का येत नाहीस, विचारलं तर म्हणाली, "आत आलं की परत शाळा सुरू होते."

त्या मांजराने तिला एकही प्रश्न विचारला नव्हता.

तुम्ही एक करा. एक दिवस, तो आल्यापासूनच्या पहिल्या दहा मिनिटांत तुम्ही किती प्रश्न विचारता ते बोटांवर मोजा. हातांची बोटं संपली तर पायांची घ्या. मग आठवडाभर पहिला अर्धा तास एकही प्रश्न नको. 'आलास? बरं वाटलं,' एवढं पुरे. जवळपास राहा, तुमचं काहीतरी निवडत-टिपत बसा, पण त्याच्या तोंडाकडे बघत बसू नका. मुलं समोरासमोर बसून सांगत नाहीत. हात कशात तरी गुंतलेले असले, नजर दुसरीकडे असली, की आपोआप सांगतात.

आता तक्त्याचं बघू. सात चौकोन आणि सातांनाही वेळ. खाणं दहा मिनिटं लांबलं की पुढचे सहाही चौकोन खोटे पडतात, आणि मग तो कागद भिंतीवरून रोज त्याला 'उशीर झाला, उशीर झाला' म्हणत राहतो. मीही फाडला असता. या वयाच्या मुलाला पाच वाजून चाळीस मिनिटं म्हणजे काय ते वाचता येतं, पण अंगात उतरत नाही. 'नंतर' मात्र उतरतं. खाल्ल्यानंतर खेळ. खेळून आल्यावर हातपाय धुणं. हातपाय धुतल्यावर वही. आगगाडीचे डबे असतात तसं. गाडी वीस मिनिटं उशिरा आली तरी डबे काही मागे-पुढे होत नाहीत. वेळ बांधायचीच तर शेवटच्या टोकाची बांधा, झोपेची. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या निद्राविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सांगितलं. सकाळी साडेसहाला उठायचं असेल तर रात्री नऊला डोळा लागलेला हवा, तेव्हा कुठे साडेनऊ तास होतात. तिथून उलट मोजत या, म्हणजे संध्याकाळीला किती गोष्टी झेपतील ते कळेल. बहुतेक घरांत दोन गोष्टी जास्तच निघतात.

सगळी साखळी एकदम घालू नका. एक कडी घ्या. तुमच्याकडे दप्तर आहेच. दाराजवळ त्याच्या खांद्याच्या उंचीवर एक भक्कम खुंटी ठोका. मोठ्यांच्या उंचीवर नको. तिथे दप्तर अडकवताना त्याला टाचा उंचवाव्या लागतील आणि तिसऱ्या दिवशी ते पुन्हा जमिनीवर येईल. नेमकी कुठे ठोकायची ते त्याच्याकडूनच पेन्सिलीने खूण करून घ्या. पंधरा दिवस तेवढंच बघायचं : दप्तर खुंटीला. मोजे सोफ्याखाली गेले तरी जाऊ द्या.

खेळ आधी की अभ्यास आधी, यावर घराघरात भांडणं होतात. माझं मत पक्कं आहे : खेळ आधी, आणि उजेड आहे तोवर, उघड्यावर. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांची दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिवाय डोळ्यांचा प्रश्न आहेच. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीतल्या मुलांना शाळेच्या दिवसांत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं गेलं. तीन वर्षांत त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना लांबचं अंधुक दिसायला लागलं. ज्यांना असं बाहेर नेलं नव्हतं त्यांच्यात हेच प्रमाण ३९.५ टक्के होतं. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. अभ्यास दिव्याखालीही होतो. दिवसाचा उजेड काही नंतर आणता येत नाही.

धाकटीबद्दल तुम्ही एका वाक्यात लिहिलंत, पण तिचंही ऐका. ती दादाची वाट बघत असते. तो आला की झेपावते, आणि त्याला त्या क्षणी अंगाला कुणाचा हात नको असतो. ढकलाढकली तिथून सुरू होते. त्याची यायची वेळ झाली की तिला जरा लांबच्या खोलीत काम द्या, चमचे लावायचं, कपड्यांच्या जोड्या जुळवायचं. दहा मिनिटांनी तोच तिला शोधत येईल. ढकलणं मात्र चालवून घेऊ नका. राग येऊ दे, हात उगारायचा नाही, हे शांतपणे, हात धरून, तिथल्या तिथे सांगा. व्याख्यान नको.

एक सावधगिरी. हे सगळं करूनही महिनाभरात काही फरक दिसला नाही, सकाळी शाळेच्या वेळेला रोज पोट दुखायला लागलं, झोपेत अंथरूण ओलं व्हायला लागलं, पट्टी-पेन्सिली मोडून यायला लागल्या, तर ती थकव्याची रड नसते. शाळेत जाऊन बोला. वर्गशिक्षिकेला 'तो शहाणा आहे का' असं न विचारता 'मधल्या सुट्टीत तो कुणाबरोबर असतो' ते विचारा.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. नात सहा वर्षांची. मुलगा-सून सातला येतात, तोवर ती माझ्याकडे असते. आली की खाताना टीव्ही लावून देतो, म्हणजे मुकाट्याने खाते. बंद करताना रोज महाभारत. सून म्हणते, 'बाबा, तुम्हीच सवय लावलीत.' मी सत्तरीचा माणूस, तिच्यामागे पळणार किती? त्यातून, माझ्याजवळ गुणी असणारी पोर आई-बाप आले की बिथरते. — एक आजोबा

उत्तर : सुनेचं अर्धं बरोबर आहे आणि तुमचंही अर्धं. टीव्हीपेक्षा टीव्ही खाण्याला जोडणं वाईट. तोंड चालू आणि डोळे पडद्यावर, म्हणजे पोट भरलं ते पोरीला कळतच नाही. दोन्ही सोडवा. आधी खाणं, शेजारी तुम्ही. तुम्हीही चार घास खा, नुसते पहाऱ्याला बसू नका. टीव्ही द्यायचाच तर नंतर, आणि 'अर्धा तास' म्हणून देऊ नका. सहा वर्षांच्या पोरीला अर्धा तास म्हणजे काय? 'एक गोष्ट' म्हणा. गोष्टीच्या मधे बंद केलात तर ती रडणारच, तुमच्या हातून कुणी क्रिकेटच्या शेवटच्या षटकात रिमोट काढून घेतला तर तुम्ही काय कराल? गोष्ट संपत आली की तिच्या शेजारी जाऊन बसा, शेवटची दोन मिनिटं बरोबर बघा, 'हा आता काय करणार गं?' विचारा. मग बटण तिला दाबू द्या. आणि पुढची गोष्ट आपोआप सुरू होण्याची सोय असते ना, ती मुलाकडून बंद करून घ्या. महाभारतातली निम्मी युद्धं तिथेच टळतील.

टीव्हीनंतर लगेच हाताला काहीतरी हवं. पळायची गरज नाही. झाडांना पाणी घालणं, तुमच्या चष्म्याची काच पुसणं, उद्याची बाटली घासणं. सहा वर्षांच्या मुलीला खोट्या खेळण्यापेक्षा खरं काम आवडतं, निदान दहा मिनिटं तरी.

सातच्या बिथरण्याने तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्याकडे गुणी आणि आई-बापांपुढे वेडी, हे वरच्या पत्रातल्यासारखंच आहे. फक्त तिचं घरी येणं दोनदा होतं. एकदा चारला, एकदा सातला. आणि सातला येणारी दोन माणसं स्वतःच दिवसभर दाबून आलेली असतात. मुलाला-सुनेला माझा निरोप द्या : आल्यावर पाच मिनिटं तोंड धुवा, पाणी प्या, मग दहा मिनिटं पोरीजवळ जमिनीवर बसा, फोन दुसऱ्या खोलीत. त्या दहा मिनिटांत 'आज आजोबांना त्रास दिलास का?' हे विचारायचं नाही. तुम्हीही दारातच दिवसाचा अहवाल देऊ नका. तो ती झोपल्यावर.

आजोबांचे नियम वेगळे आणि आईचे वेगळे असले तरी मुलं निभावून नेतात. तिच्या डोक्यावरून तुम्ही दोघं वाद घालता ते मात्र तिला निभत नाही.

प्रश्न : मुलगी चौथीत. गृहपाठाला रोज दोन तास लागतात, नऊ वाजतात. मी शेजारी बसतो. अक्षर वाईट आलं की खोडून परत लिहायला लावतो. शेवटी ती रडते आणि मी ओरडतो. — एक बाबा

उत्तर : खोडरबर तिच्या हातात द्या. पहिलं हे.

दुसरं, इयत्तेमागे दहा मिनिटं हा जुना ठोकताळा आहे. चौथीला चाळीस. हॅरिस कूपर या अमेरिकन अभ्यासकाने गृहपाठावरच्या कित्येक वर्षांच्या संशोधनाचा आढावा २००६ साली मांडला. त्यात मोठ्या इयत्तांत गृहपाठाचा आणि मार्कांचा चांगला संबंध दिसला; प्राथमिकच्या मुलांत तो फार अशक्त होता. तेव्हा नऊपर्यंत रडून लिहिलेल्या पानातून पदरात फार काही पडत नाही. चाळीस मिनिटं झाली की थांबा. पानाखाली लिहा, 'चाळीस मिनिटांत एवढं झालं,' आणि सही करा. बाई रागावतील असं वाटतं ना? आम्हा शिक्षकांची गंमत सांगते. गृहपाठ सुबक, एकही चूक नाही, असा आला की आम्ही समजतो वर्गाला धडा कळला, आणि पुढे सरकतो. तो बाबांनी खोडून खोडून सुबक केलाय हे आम्हाला कसं कळावं? अर्धं पान आणि दोन चुका, त्यातून मला जास्त कळायचं. वाईट अक्षरातूनही.

शेजारी बसू नका, त्याच खोलीत तुमचं काम घेऊन बसा. तिने हाक मारली तरच उठा. आणि आठवडाभराने बघा की अवघड तिला काय जातं, लिहिणं की समजणं. चाळीस मिनिटांत चार ओळीही होत नसतील, अक्षरं उलटसुलट होत असतील, तर डोळे तपासून घ्या आणि शाळेत बोला. ते ओरडून सुटणारं नाही.

प्रश्न : बाई, मी तेरा वर्षांची आहे. तुमचं सदर आई वाचते म्हणून लिहितेय. मला घरी आल्यावर कुणाशीच बोलावंसं वाटत नाही. दार लावून पडून राहावंसं वाटतं. आई म्हणते, तू बदललीस. रात्री झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. — नाव छापू नका

उत्तर : नाव छापलेलं नाही. तुझ्या आईने आतापर्यंत वरचं सगळं वाचलं असेल, त्यामुळे माझं काम सोपं झालंय.

तू बदललीस हे खरं आहे, आणि ते व्हायचंच होतं. या वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं संप्रेरक लहानपणापेक्षा उशिरा वाढायला लागतं, म्हणून दहाला डोळे टक्क उघडे असतात. शाळेची वेळ मात्र सरकत नाही, त्यामुळे सकाळी उठवत नाही. तुझ्या वयाला ८ ते १० तास झोप लागते. आल्यावर पडायचं तर पड, पण अर्ध्या तासाचा गजर लाव. दोन तास झोपलीस तर रात्र आणखी लांबेल. फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेव. हे तुला आवडणार नाही, मला माहीत आहे.

दार लावायला हरकत नाही. पण लावण्याआधी आईच्या समोरून जा, 'आले, जरा पडते, सातला येते' एवढं म्हण आणि सातला खरंच ये. आईला बंद दाराची भीती वाटत नसते. आत काय चाललंय ते कळत नाही याची वाटते. पडून राहूनही बरं वाटत नसेल, रोजच रडू येत असेल, आवडत्या गोष्टींतही मन लागत नसेल, तर हेच पत्र आईला दाखव. मला लिहिलंस तसं तिला तोंडाने सांगायची गरज नाही, कागद पुढे केलास तरी चालेल.

आणि दार लावण्याआधी डबा दप्तरातून बाहेर काढून ठेव. शुक्रवारचा डबा सोमवारी उघडायची वेळ माझ्यावर पुष्कळदा आली आहे.